एका मॉडेलचे दोन साडू

रविवार, १६ मे २००४

पंपाच्या कंपनीने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी दुकानात गल्ल्याखाली पडून होती. आज तिचं नशीब उघडलं, कारण आज गाडी आली.

मयूरी. तीही वरचं मॉडेल. एसी, पॉवर स्टिअरिंग, मागच्या काचेलासुद्धा वायपर. अंबाबाईच्या दारात नारळ फोडला, चाकाखाली लिंबं चिरडली आणि तसाच पुढे कळ्याला सासुरवाडी गाठली. सासरे गणपतराव ओसरीवरून उठून आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "झ्याक! थोरल्या पावण्यांच्यासारखीच घेतलासा की!"

संपलं. एका वाक्यात नव्या गाडीचं मातेरं.

थोरले पावणे म्हणजे माझे साडू बाळासो. पाटबंधारे खात्यात उपअभियंता. माझ्या बायकोची, मालाची, थोरली बहीण संयोगिता त्यांना दिलेली. फेब्रुवारीत त्यांनी मयूरी घेतली, पण साधं मॉडेल. एसी नाही, काही नाही. मी शाहूपुरीत शेतीचे पंप विकतो. सासऱ्यांच्या विहिरीवरचा पंप माझा, बसवला मी, बिघडला की धावतो मी. आणि त्याच विहिरीचं पाणी पिऊन घरादाराने गुण गायचे ते साहेबांचे!

सासूबाईंना, म्हणजे आक्काताईंना, मुद्दाम एसी लावून गावाबाहेर फिरवून आणलं. "गार लागतंय, बंद करा बघू त्ये," म्हणाल्या. बंद केला.

गुरुवार, २७ मे



दुकान बंद करून उचगावला घरी येत होतो. हायवे ओलांडताना मधोमध गाडीची पॉवरच गेली. ना आचका, ना आवाज. ॲक्सिलेटर दाबतोय आणि गाडी मिठाची गुळणी धरून बसलीय. स्टिअरिंग दगड झालं. ब्रेकवर उभा राहिलो तरी दबेना. डावीकडून वाळूचा ट्रक हॉर्न मारत आला आणि माझ्या नाकासमोरून वळसा घालून गेला. ड्रायव्हरने माझ्या आईचा उद्धार केला, तोही ऐकू आला.

थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू. जणू काही झालंच नाही.

मालाला सांगितलं. ती म्हणाली, "दाजींना इचारा की. त्यांची बी हीच गाडी हाय, शिवाय इंजिनेर माणूस."

मी म्हटलं, खबरदार. झाकली मूठ सव्वा लाखाची. वरचं मॉडेल घेऊन मिरवला आणि पंधरवड्यात रस्त्यावर बसला, हे त्या माणसाला कळलं तर जन्मभर पुरेल एवढा विषय होईल. नजर लागली असणार, आणि कुणाची ते लिहायची गरज नाही.

सोमवार, ७ जून

शोरूमला तिसरी खेप. आधीच्या दोन खेपा लिहिण्याच्या लायकीच्या नव्हत्या. दरम्यान गाडी अजून दोनदा बसली, एकदा तर भर ताराराणी चौकात.

मॅनेजरने गाडीला कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणतो, गाडी ठणठणीत. मॅनेजर म्हणतो, "पेट्रोल कुठं भरता? क्लचवर पाय ठेवून चालवता का?" मी पंधरा वर्षं टेम्पो हाकलाय, मला क्लच शिकवतो! नाचता येईना अंगण वाकडं.

"अशी तक्रार दुसऱ्या कुणाची हाय का?" मी विचारलं.

"तुमची पहिलीच, साहेब."

घरी येताना तेच डोक्यात. पहिलीच. म्हणजे बाळासोची चालते. एकाच कंपनीची, एकाच शोरूमची, आणि त्याची पाण्यासारखी चालते. माणसाच्या गाडीलासुद्धा माणूस बघून चालायचं कळतं की काय?

रविवार, १३ जून

माला बहिणीकडे निघाली होती म्हणून मीही गेलो. खरं म्हणजे त्याची गाडी बघायची होती.

संयोगिता नेहमीप्रमाणे मशीनवर बसलेली. घरीच शिवणाचा क्लास चालवते. ब्लाऊज असा बेतते की कोल्हापुरातल्या अर्ध्या बायका तिच्याकडे रांग लावतात. साहेबाची बायको असून स्वतःच्या हाताचं काम सोडत नाही, याबद्दल मला तिचं कौतुक आहे. हे तिच्या नवऱ्याला जमलं नसतं.

आता बाळासोची मिजास. गाडी अंगणात लावलेली, तीही तोंड फाटकाकडे, उताराला. निघताना गाडी वळवायचे कष्ट नकोत. मागच्या काचेतून बघितलं तर पायरीच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा, वर सुतळीची मूठ. चाकाखाली लावायचा. इंजिनिअर माणूस, सगळं सरकारी शिस्तीत! आणि ऑफिसला जातो जुन्या स्कूटरवरच. मी म्हटलं, "गाडी का नेत न्हाईसा?" तर म्हणे, "जरा व्यायाम होतो." स्कूटरवर कसला व्यायाम? गाडी नवी ठेवायचीय, म्हणजे वर्षाने दोघांच्या गाड्या शेजारी उभ्या केल्या की त्याची चकचकीत आणि माझी जुनी. मी ओळखून आहे.

"तुमची कशी चालतीय?" त्याने विचारलं.

"लोण्यासारखी," मी म्हटलं. "तुमची?"

"एकदम."

इतकं छोटं उत्तर. घमेंड शब्द वाचवते.

बुधवार, २३ जून

आज आरटीओ ऑफिसात गेलो. काल दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं की तिथले मोटार वाहन निरीक्षक धम्मपाल कांबळे सरळ माणूस आहेत, ऐकून घेतात. खरंच ऐकून घेतलं. मधे एकदाही फोन उचलला नाही.

म्हणाले, "चौगुले, चालती गाडी अचानक मरणं म्हणजे बिघाड न्हवं, धोका हाय. ब्रेक आणि स्टिअरिंग इंजिनाच्या जोरावर हलकं चालतंय. इंजिन गेलं की दोन्ही जड. घाटात झालं तर काय?"

"म्हणूनच आलोय. कंपनीला नोटीस काढा."

"तशी काढता येत न्हाई. एकाची तक्रार असली तर कंपनी म्हणणार, त्याच गाडीचा दोष. दोन सारख्या तक्रारी सहीनिशी आल्या, तर मॉडेलचा दोष म्हणून मी वर आयुक्तांकडं पाठवतो. तिथनं पुण्याला तपासणी लागंल."

मग म्हणाले, "तुम्ही दुसरे. पहिले गृहस्थ एप्रिलमध्ये येऊन गेले. अगदी हेच सांगितलं. सही म्हटल्यावर उठले. नातेवाइकांत हसं होईल म्हणाले, माझं नाव कुठं घेऊ नका."

मला हसूच आलं. काय एकेक माणसं असतात! लोकलाजेपायी बायकापोरांना असल्या गाडीतून फिरवायचं म्हणजे शहाणपणाची कमाल झाली. मी तसं बोलूनही दाखवलं.

कांबळ्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही करा सही. तुमची बघून त्यांना धीर येईल."

आता प्रश्न असा की पाटबंधारे आणि आरटीओ, दोन्ही सरकारी खाती. साहेबलोक एकत्र चहा पितात. माझं नाव कागदावर आलं की संध्याकाळपर्यंत रुईकर कॉलनीत बाळासोच्या घरी पोचलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि माझंही नाव कुणाला सांगू नका.

कांबळ्यांनी कागद परत ओढून घेतला. "दोघांची एकदा गाठ घालून देऊ का?" म्हणाले.

"नको," म्हटलं आणि उठलो. माझं कारण वेगळं आहे.

शुक्रवार, ९ जुलै

दुसरा सहीवाला शोधायचा, म्हणजे गर्दीत माझं नाव खाली कुठेतरी दडेल, असा विचार केला. इचलकरंजीला भाऊसो नावाचे सुताचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे मयूरी आहे असं समजलं होतं. मागांच्या खडखडाटात त्यांना ओरडून विचारलं.

तेही ओरडूनच म्हणाले, "गाडी न्हवं पावणं, मारकं खोंड हाय त्ये! मनात आलं की मधीच बसतंय!"

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. "मग सही करा!"

"कशाची सही? इकली की मागल्या म्हैन्यात."

"घेणाऱ्याला सांगितलं का?"

"सांगून कोण घेतंय व्हय?"

परत येताना गाडी हातकणंगल्याजवळ बसली. उसाच्या कडेला उभा राहून विचार केला. भाऊसोची बसायची, माझी बसते, त्या भित्र्या गृहस्थाची बसते. कंपनीत खोटच आहे. बाळासोची तेवढी कशी वाचली? नशीब म्हणतात ते हेच. त्याला नोकरी चांगली, प्लॉट चांगला, सासऱ्याचा लोभ चांगला आणि गाडीसुद्धा कारखान्यातून निवडून आलेली. माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला लिहू?

माला रात्री जेवताना म्हणाली, "एकदा दाजींना सांगाच. त्यांचीबी बंद पडत असंल तर?"

"त्याची पडत नाही. मी विचारलंय."

"तुमची पडती म्हणून सांगिटलासा काय त्यांना?"

"नाही."

"मग त्ये बरं सांगतील!"

बायकांना प्रत्येक गोष्टीत तिढा दिसतो. विषय बंद केला.

रविवार, २५ जुलै

अधिक महिना. धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावई कळ्यात. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. सासूबाईंनी दोघांना चांदीच्या दिव्याचं वाण दिलं. दोन्ही दिवे एकाच मापाचे होते. ताट मात्र पहिलं त्याच्यापुढे.

जेवण झाल्यावर आक्काताई म्हणाल्या, "मला एकदा समुद्र दावा. कुणकेश्वराचं दर्शन हुईल, अधिक म्हैन्याचं पुण्य बी मिळंल."

कुणकेश्वर म्हणजे गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा. घाटात झालं तर काय, हे कांबळ्यांचे शब्द कानात वाजले.

पण मी काही बोलायच्या आधीच बाळासो म्हणाले, "कृष्णातरावांची गाडी न्या. वरचं मॉडेल, एसी हाय. मामींना सोयीचं."

हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीला वरची म्हणाला! आणि नेमका आत्ता. क्षणभर वाटलं, याला माझी गाडी बसते हे कळलंय आणि सगळ्यांसमोर मला घाटात पाडायचंय. मी लगेच म्हटलं, "छे, छे. थोरल्यांच्या आधी धाकट्यांनं? लोक काय म्हणतील?"

"तसं काय न्हाई. मला ऑफिसचं काम हाय."

"रविवारी?"

"न्हाई, पण तुमीच न्या."

"तुमचा मान हाय. तुमीच न्या."

सासरे कौतुकाने आमच्याकडे बघत होते. "असं जावई मिळाय नशीब लागतंय," म्हणाले. "ऐका. आठ तारखेला जाऊ. थोरल्या पावण्यांची गाडी म्होरं, आमी दोघं आन् संयोगिता तिच्यात. धाकटं पावणं आन् माला मागनं."

बाळासोचा चेहरा उतरला. घाट चालवायचा कंटाळा, दुसरं काय! संयोगिता त्याच्याकडे बघत होती. मग उठून पदराला हात पुसत आत गेली.

मला एकीकडून सुटल्यासारखं वाटलं आणि दुसरीकडून आग लागली. सासूबाईंना समुद्र दाखवणार तो. मी आपला मागून.

शनिवार, ७ ऑगस्ट

माला सकाळपासून म्हणतेय, जाऊ नका, नाहीतर त्यांना सांगा. गाडीत दोष आहे हे माहीत असून आईबापाला त्याच गाडीत कसं बसवता, म्हणते. मी म्हटलं, माझ्या गाडीत नाही बसवत. त्याची चांगली आहे.

सांगावं असं दुपारी मलाही एकदा वाटलं होतं. फोन उचललाही. तिकडून तोच बोलला, "बोला कृष्णातराव, उद्या निघायचं न्हवं?" त्या आवाजातला साहेब ऐकला आणि म्हटलं, "निघायचं की."

मंगळवार, १० ऑगस्ट

लिहितोय ते मन थोडं तरी मोकळं व्हावं म्हणून. झालं तसं लिहितो.

जाताना काही झालं नाही. घाट उतरला, दर्शन झालं. आक्काताई पाण्यात उभ्या राहून लहान पोरीसारख्या हसत होत्या. बाळासोचा हात धरून. मी चपला सांभाळत होतो.

परत येताना घाट चढायला लागलो. धुकं होतं. त्याची गाडी पुढे, मी मागे. माझी गाडी बरी चालली होती आणि मला त्याला मागे टाकायचं होतं. वर गगनबावड्यात चहाला मी आधी पोचून उभा आहे, हे सासऱ्यांना दिसायला हवं होतं. म्हणून मी त्याच्या गाडीला गाडी भिडवून हॉर्न मारत होतो. तो बाजू देईना.

एका वळणावर तो थांबलाच. मला वाटलं मुद्दाम थांबला. मी हॉर्न दाबून धरला. माला ओरडली, "अवं, त्ये मागं येतायत!"

मागचं दार उघडलं आणि संयोगिता तो लाकडी ठोकळा घेऊन बाहेर पडली. घाबरली नव्हती, गोंधळली नव्हती. रोजचं काम असावं तशी पदर खोचून थेट मागच्या चाकापाशी बसली. तेव्हा मला कळलं. ढकलायला सोपी म्हणून उताराला लावलेली गाडी, स्कूटर, "एकदम" म्हणणं, सगळं एका क्षणात कळलं. एप्रिलमध्ये आरटीओत जाऊन आलेला गृहस्थसुद्धा कळला.

पण गाडी सरकत होती आणि मागे माझी गाडी होती. तिला जागाच नव्हती. एरवी ती ठोकळा टाकून बाजूला होत असणार. परवा माझं बॉनेट तिच्या पाठीला लागायला आलं होतं आणि मी हॉर्न वाजवत होतो. तिने ठोकळा हाताने आत रेटला. गाडी थांबली. उजवा हात आत होता.

गाडी थांबली म्हणून आईबाप दरीत गेले नाहीत. हे डॉक्टरांसकट सगळ्यांनी सांगितलं.

दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याशेजारची.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघे साडू बसलो होतो. बाळासोच्या शर्टावर तिचं रक्त. तो म्हणाला, "तुमची कधी बंद पडली न्हाई न्हवं?"

"पहिल्या पंधरवड्यापासून पडतीय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. "माझी मार्चपासून," म्हणाला. "एक शब्द बोलला असतासा तर..."

"तुम्ही तरी?"

"तुमी वरचं मॉडेल घेतलंसा," तो म्हणाला. "तुमची पळती आन् माझी बसती, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणजे तो माझ्यावर जळत होता! इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळलो, तो माझ्यावर. हे ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं. तिथे, त्या बाकावर, तशा वेळी बरं वाटलं. माझ्यासारखा नीच माणूस शोधून सापडायचा नाही.

सोमवार, १६ ऑगस्ट

दोघांनी कांबळ्यांसमोर सह्या केल्या. आम्हाला एकत्र बघून ते उठून उभे राहिले. काय झालं ते बाळासोने सांगितलं. हॉर्नचं मी सांगितलं.

कांबळे म्हणाले, "मी शब्द दिला होता दोघांना. तो मोडला असता तर..." त्यांचा काही दोष नाही, असं आम्ही दोघांनी एकदम म्हटलं. कागद त्याच दिवशी वर गेला.

माला माझ्याशी कामापुरतं बोलते.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

पुण्याच्या तपासणीत दोष सापडला. पेट्रोलच्या पंपाला जाणारी तार जिथे जोडलीय तो सांधा गरम झाला की सुटतो आणि गार झाला की पुन्हा धरतो. पंपाला! आयुष्यभर पंप विकले आणि माझ्या गाडीचा पंप मला कळला नाही. कंपनी आता सगळ्या मयूरी बोलावून तो सांधा फुकट बदलून देणार आहे. शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला होता, फार गोड बोलत होता. इचलकरंजीच्या भाऊसोंना मी फोन केला, तुमची गाडी ज्याने घेतली त्याला आता तरी कळवा म्हणून.

आज पेपरात आलं. "उपअभियंत्याच्या पाठपुराव्याला यश." बाळासोचा फोटो, टाय घालून. दोन रकाने. खालून तिसऱ्या ओळीत, "तसेच उचगाव येथील एका व्यापाऱ्यानेही तक्रार केली होती."

एका व्यापाऱ्यानेही! वर आयुक्तांकडे चार वेळा खेपा मी घातल्या. पुण्याला गाडी ट्रकवर चढवून मी नेली. हा माणूस सही करून ऑफिसात बसला होता. पेपरवाल्याला नाव सांगताना याच्या जिभेला काय झालं होतं? मी पेपर घेऊन तडक रुईकर कॉलनी गाठली. म्हटलं, आज सोक्षमोक्ष.

बाळासो ऑफिसला गेलेला. माला तिथेच होती, हल्ली रोज जाते. शिवणाच्या क्लासच्या पोरींना कापड माला कापून देते आणि संयोगिता शेजारी बसून तोंडाने सांगते, इथनं तिरकं घे, इथं अर्धं बोट सोड. उजवा हात मांडीवर पदराखाली.

मी पेपर पुढे टाकला आणि बोलत सुटलो. माझं नाव नाही, खेपा माझ्या, फोटो त्याचा, सगळं. माला कात्री थांबवून माझ्याकडे बघत राहिली. पोरी खाली बघू लागल्या.

संयोगिताने डाव्या हाताने पेपर ओढून घेतला. बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचली.

"व्हय की पावणं," ती म्हणाली. "तुमचं नाव न्हाय." मग पेपर माझ्यापुढे सरकवला. "माझं कुठं दिसतंय का बघा बरं."